पेटीचं झाकन कुनी उघडलं

लिही एंजेला, तुला लिहाया येतं, मला न्हाई. मी बोलते तसंच लिही, पुस्तकातल्यावानी करू नगं.

चर्चला साठ वर्सं झाली म्हून पंचांनी ते गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलंय ना, त्यात जालिंदर पंचाचा फोटो दोनदा हाय. एकदा कोट घालून आन एकदा बिगरकोटाचा. आन माज्या भावजयीचं काय? तू वाचून दाखवलंस तवा माजं डोस्कंच फिरलं. "मेरीबाईंनी स्वयंपाकाची सेवा केली." बास. तेतीस वर्सांचं एवढंच. अरे, सेवा म्हंता तर एकदा शिजवून बघा की दीडशे मानसांचं, एप्रिलच्या उन्हात, तीन दगडांवर! म्हून मी सांगते ते लिही, आन छापा म्हनावं पुढल्या पुस्तकात. न्हाई छापलं तर मी हाय आन जालिंदर हाय.

मेरी भिंगारची. तिचा बाप लष्कराच्या मेसमधी आचारी हुता, तिथंच ती ल्हानाची मोठी झाली. माज्या भावाला, अब्राहामला दिली तवा एकोनीस वर्साची हुती. आपल्या गावात आली, बघती तर काय, ना नळ ना सावली. रडली बिडली न्हाई. पयल्याच आठवड्यात मला म्हनली, "आक्का, हितल्या बाया भाकरी थापत्यात का जमीन बडवत्यात?" असली तोंडाची. मी हसले आन मला ती आवडली. मी बी ह्याच गावात दिलेली, चार घरं सोडून, म्हून आमचं रोजचं येनं-जानं.

तर बापाचा हात तिच्या हातात उतारलेला. किती बी मानसं सांगा, तिचा अंदाज चुकायचा न्हाई. आन हेच तिला नडलं. लगीन होऊन सातव्या वर्सी छबूबाईनं, ती तवापसून आजपत्तूर आमच्या भगिनी मंडळाची पुढारीन हाय, तिनं सांगितलं, "मेरी, ह्या साली उत्तम शुक्रवारचं जेवन तू बघ." ते "ह्या साली" काय संपलं न्हाई.

उत्तम शुक्रवार म्हंजे कसं, ज्यांना ठावं न्हाई त्यांच्यासाठी लिही. चाळीस दिवस आमी मटन-मच्छी, अंडं बंद ठेवतो. शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांचा कडकडीत उपास. बारा ते तीन भक्ती चालती. प्रभू क्रुसावर सात येळा बोलला, ती सात वचनं. येकेका वचनावर येकजन बोलतो, मधीमधी गीतं. तीन वाजले की सगळी बाहेर येऊन बसत्यात आन आमटी-भाकरीनं उपास सोडत्यात. भाकरी ज्येनं त्येनं घरनं आनायची. आमटी चर्चची. हरबऱ्याची, काळ्या मसाल्याची, बटाटं टाकून. स्वस्तातलं जेवन, गरिबाच्या घासाला पुरनारं, पन हरबरं शिजायला तीन-चार तास जाळ लागतो. आन तो जाळ लावायला कोनतरी बाहेर बसायला लागतं.

कोन? मेरी.

आत सात वचनं, आन ही चर्चच्या मागं डोळ्यात धूर घेऊन. भिंतीतनं गीताचा आवाज यायचा, बोललेलं कायबी कळायचं न्हाई. एकदा मी पानी द्यायला गेले तर पदरानं डोळं पुसत हुती. मी म्हनलं, "लाकडं वली हायत का?" तर म्हनली, "लाकडं वाळलेलीच हायत आक्का." मी परत आत गेले. माजी जागा पंख्याखाली हुती.

आता मेरी अठ्ठावन्नची हाय. अब्राहाम टेम्पो चालवायचा, गुडघं गेलं तसा घरीच असतो, चर्चमधी ढोलकी वाजवतो. मेरी सुप्याला जाती, तिथं येका कंपनीच्या साहेबाच्या बंगल्यावर सैपाकाला. चार सालं झाली. तिथं तिनं ते भांडं बघितलं. विजेचं. मला सांगाया आली ती पळतच.

"आक्का, त्या म्याडम सकाळी त्यात राजमा घालत्यात, मसाला घालत्यात, बटन दाबत्यात आन हापिसात जात्यात. संध्याकाळी येऊन खात्यात!"

"मंग ते जळत न्हाई?"

"न्हाई. हळू शिजतं. नुसतं बसलेलं असतं, खुडूक कोंबडीवानी."

"आन आपली लाईट गेली म्हंजे?"

"तेच म्हनते मी. आपल्याकडं दुपारी लाईट कुठं असती? आन ते भांडं येवढंसं. दीडशे मानसाला असली चाळीस लागतील." मंग म्हनली, "पन आक्का, त्येला वीज काय कराया लागती? गरमी आत कोंडायची, येवढंच तर हाय. ते आपल्यालाबी जमंल."

आन जमवलं तिनं. एमआयडीसीत मशिनी येत्यात त्या लाकडाच्या पेट्यातनं, नंतर त्या भंगारात जात्यात. तसली येक कमरेयेवढी पेटी तिनं मागून आनली. आतनं थर्माकोल लावला, तोबी तिथलाच फेकलेला. खाली गव्हाचं भुसकट दाबून भरलं, मधी पातेलं बसंल येवढी जागा ठेवली, आन वरनं झाकायला गोनपाटाची भुसा भरलेली गादी शिवली. आख्खी गल्ली बघायला आली. अब्राहाम वट्ट्यावरनं म्हनला, "बायको आंडी उबवाया बसनार आता."

"तुमाला उबवून बघितलं की चाळीस वर्सं," मेरी म्हनली, "काय निघालं का त्यातनं?"

पयल्यांदा तिनं हुलगं घातलं. हुलगं किती चिवट असत्यात तुला ठावं हाय. रातभर भिजवलं, सकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटन आन काळा मसाला आधीच परतून घेतला, कारन पेटीत फोडनी बसत न्हाई. अर्धा तास चुलीवर खळाखळा उकळलं, तसंच झाकन लावून, गोधडीत गुंडाळून पेटीत. आन कामाला निघून गेली. जाताना मला म्हनली, "आक्का, हात लावू नगा. झाकन उघडलं की सगळी गरमी जाती, मंग परत चुलीवर न्यायला लागतं."

संध्याकाळी काढलं तर हुलगं बोटानं चिरडत हुतं. मी दोन वाट्या पेले. खरं सांगते, चुलीवर उभं ऱ्हाऊन माज्या हातनं असं कवा झालं न्हाई.

मंग ती लेंटच्या, म्हंजे त्या चाळीस दिवसांच्या, पयल्या आठवड्यात भगिनी मंडळात उभी ऱ्हायली आन म्हनली, "ह्या साली मी आत बसनार. पयल्या वचनापसून सातव्यापत्तूर."

छबूबाई म्हनली, "आन आमटी काय देवदूत ढवळनार?"

"ढवळायचीच न्हाई. अकराला पेटीत घालते, सव्वातीनला काढते."

जालिंदर पंचाच्या कानावर गेलं. त्येचं पयल्यापसून म्हननं, केटरर सांगू, पनीर ठेवू, चार पाव्हनं येत्यात. तो म्हनला, "भुशात जेवन? लोकं काय म्हंतील? जनावराचा चारा हाय का?" पन पाळकसाहेब, आमच्या चर्चचं धर्मगुरू, मानूस बरा. ते म्हनले, "मेरीबाईंनी एवढी वर्षं केलं आहे. एकदा त्यांच्या मनासारखं होऊ द्या." झालं ठरलं.

त्या शुक्रवारी मेरी पांढरी साडी नेसून आली. आधी पहाटेपसून हरबरं, बटाटं, वाटन, सगळं केलं, बारा किलो हरबरं उकळलं, चौघांनी पातेलं धरून पेटीत बसवलं, वरनं गोधडी, गादी, त्यावर फळी. बरोबर बाराला हातपाय धुवून आत आली. तिसऱ्या बाकावर माज्या शेजारी बसली. हात मांडीवर.

आता म्होरलं लिहिताना तू माज्याकडं बघू नगंस.

दुसरं वचन संपलं आन मला राहवंना. मनात आलं, येवढी मानसं उपाशी, आन ते शिजलं न्हाई म्हंजे? मेरीची इज्जत जाईल. मी पानी पिऊन येते म्हनलं आन मागं गेले. फळी सरकलेली हुती, गोधडी अर्धी खाली. तवाच मला कळाया पायजे हुतं की माज्या आधी कुनीतरी येऊन गेलंय. पन मी काय केलं? मी बी झाकन उघडलं. भकाकन वाफ माज्या तोंडावर आली. येक दाना काढला, चावला, अजून कडक हुता. झाकन लावलं, आत येऊन बसले. मेरी माज्याकडं बघून हसली. तिला वाटलं, खरंच पानी पेले मी.

तिच्या डोळ्यात पानी हुतं, आन त्या दिशी धूर नव्हता. तिनं सातही वचनं ऐकली. येकदाबी मागं वळून बघितलं न्हाई.

सव्वातीनला पेटी उघडली. आमटी कोमट. हरबरा दाताखाली कटकट वाजत हुता. वर पानी येगळं तरंगत हुतं. दीडशे मानसं ताटं घेऊन बसलेली, पोरं रडाया लागली. आन जालिंदर? त्येला तर लाडू मिळाला. दोनी हात वर करून म्हनला, "घ्या! मेरीबाई आत स्वर्गात, आन आमी हितं कच्चं हरबरं खातो. बाईनं आपल्या जागेवर असाया पायजे!"

लोकं हसली. उपाशी पोटी बी हसली! कुनाला काय वाटलं न्हाई. मेरीनं पदर खोचला, पांढऱ्या साडीवर, आन तीन दगड मांडून जाळ लावला. पाच वाजता आमटी शिजली. तवर अर्धी लोकं भाकरी-चटनी खाऊन घरी गेल्ती. ती साडी धुराची पिवळी पडली ती पडलीच.

आन मी? मी लाकडं दिली तिला. तोंडातनं शब्द काढला न्हाई. त्या शुक्रवारचा जालिंदरचा राग मला येतोच, पन माजा मला जास्त येतो. तेबी लिही.

पुनरुत्थानाचा रविवार, ईस्टर, झाला, त्येच्या म्होरल्या रविवारी लिंबाखाली मीटिंग. जालिंदरनं कागदच लिहून आनल्ता. येक, पेटी भंगारात द्यायची. दोन, म्होरल्या साली मेरीबाईंनी भक्ती होईस्तवर स्वयंपाकाजवळ थांबायचं. मी मेरीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली न्हाई, पन बोलली बी न्हाई. ती परत मागं जानार हुती, धुरात, मरेपत्तूर. दाना चावला हुता मी आन शिक्षा तिला.

मी उठले. "पेटीत काय खोट न्हाई. झाकन मी उघडलं."

सगळ्यांची मुंडकी माज्याकडं वळली.

पाळकसाहेब म्हनले, "तुम्ही? का?"

"काळजी वाटली म्हून. तिनं लाख येळा सांगितलं हुतं, उघडू नगा. मी उघडलं. पन माज्या आधी कुनीतरी उघडून गेल्तं, फळी सरकल्ती. त्येनं बी उठावं."

मंग कुनी उठंना. शेवटी छबूबाई बसल्याबसल्या म्हनली, "मी फकस्त मीठ बघितलं."

"मीठ बघितलं! आन ते वर तरंगनारं पानी?"

"रस्सा दाट वाटला म्हून तांब्याभर वतलं."

"गार?"

"मंग काय, आत भक्ती चालल्याली, पानी तापवत बसू?"

अब्राहाम माजा भाऊ, तो ढोलकीच्या मागं तोंड लपवून म्हनला, "मला चक्कर आली. मी वाटीभर काढून घेतली." नवरा! सख्खा नवरा! मंग येक येक करून हात वर याया लागले. कुनी वास घ्यायला, कुनी पोराला दाखवायला, कुनी नुसतं फळीखाली काय हाय म्हून. अकरा जन झाले. प्रत्येकजन म्हनायचा, "मी येकदाच उघडलं." येकदाच!

जालिंदर कागदाची घडी करत म्हनला, "शिस्त न्हाई लोकांना."

तवा त्येची बायको, माधुरी, तोंड उघडायची न्हाई कवा, ती म्हनली, "अवो, तुमच्या शर्टाच्या बाहीला काळा मसाला हुता. मी दोनदा सर्फमधी घातला, आजून डाग हाय."

"मी व्यवस्था बघाया गेल्तो!"

असं हसली मंडळी, असं हसली. मी बी हसले. मला वाटलं, आता मिटलं. मेरीचा वनवास संपला, आता सगळी तिची माफी मागतील, ती डोळं पुसंल. पन मेरी उठली ती पेटली हुती. इतक्या वर्सांत मी तिला तसली बघितली न्हाई.

"हसताय काय?" ती म्हनली. "छबूबाई, तुमी बाहेर आला तवा कंचं वचन चाललं हुतं?"

छबूबाई इकडंतिकडं बघाया लागली.

"आक्का, तुमी?"

"दुसरं संपल्यावर," मी म्हनलं.

"आन तिसऱ्यावर काय बोलले?"

मला येईना. खरंच येईना, एंजेला.

"जालिंदरभाऊ, तुमी पंच हाय. तुमी सांगा पाचव्यावर काय बोलले." तो कागद उलगडाया लागला, जसं काय त्यात लिहिलंय. "मी सांगते," मेरी म्हनली. "मी सातही सांगते, येकेक शब्द. कारन मी आत हुते. तेतीस वर्सं मी भिंतीच्या बाहेर बसले, मला वाटायचं आत तुमी सगळी किती ऐकत असाल. मी तुमच्यावर जळायची! आन तुमी? बारा जन हरबरा चावत फिरत हुता. मला तिथं बसाया मिळावं म्हून मी भंगारातनं पेटी आनली, आन तुमाला फुकट जागा हाय तर तुमाला बसवंना!"

आता कुनी हसंना. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मी पायाकडं बघत बसले.

"म्होरल्या साली मी आत बसनार," ती म्हनली. "पेटी बी आत बसनार. वेदीच्या म्होरं, सगळ्यांच्या डोळ्यादेखत. बघू कोन उठून झाकन उघडतंय."

जालिंदर म्हनला, "देवाच्या मंदिरात स्वयंपाक? हे शोभतं का?"

"स्वयंपाक बाहेरच होतो. आत नुसती पेटी बसती. ती तुमच्यापेक्षा गप बसती."

ह्या एप्रिलात तसंच केलं. पेटी उचलाया चौघं लागली, येका कोपऱ्याला जालिंदरच हुता, बाही वर करून. तीन तास ती पेटी वेदीच्या म्होरं पांढऱ्या चादरीखाली. काळ्या मसाल्याचा बारीक बारीक वास सुटला, उपाशी मानसांची परीक्षाच. चौथ्या वचनाला छबूबाई बाकावरनं अर्धी उठली. मेरीनं नुसतं बघितलं. छबूबाई लुगडं सारखं करून खाली बसली. मी बी बसले. सगळी बसली. ह्या साली मी तिसरं वचन ऐकलं.

सव्वातीनला झाकन निघालं तर हरबरा लोन्यावानी. पोरांनी मागनं दोन दोन येळा घेतलं. आन ह्यो जालिंदर, ह्येची जीभ काय गप बसती? ताट घेऊन म्हनतो, "बघा, आता तर मेरीबाईंना कायच काम ऱ्हायलं न्हाई. पेटीच सगळं करती. म्होरल्या वर्सी ख्रिसमसलाबी हेच ठेवू."

पहाटे तीनला उठून बारा किलो हरबरं ती उकळती. वाटन ती करती. भुसकट ती दाबती. आन काम पेटी करती!

मी तोंड उघडनार, तर मेरी उठली. तिनं जालिंदरच्या हातातलं ताट काढून घेतलं आन पळी दिली.

"बरोबर बोलला भाऊ," ती म्हनली. "पेटीच करती. मंग वाढाया काय, कुनी बी चालंल."

आन ती जाऊन पयल्या पंगतीला बसली, माज्या शेजारी. जालिंदर हुबाच. मागं दीडशे मानसं. वाकला बिचारा. तिच्या ताटात आमटी वाढली तर अर्धी भाकरीवर सांडली. मेरी म्हनली, "बटाटा द्या की येक. खालनं काढा, खालनं."

आन खाली वाकून तो बटाटा शोधत बसला.